गांजा, भांग आणि घरातली मुलं: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि कधीकधी खुद्द मुलंही जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. लहान मुलाच्या पोटात भांग गेली असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ४ वाचा. मूल हाक मारूनही जागं होत नसेल, तर तेही वाचत बसू नका, १०८ ला फोन लावा.

१. गांजा, भांग, चरस, वीड, हॅश हे सगळं एकच का? मुलगा म्हणतो, वीड म्हणजे गांजा नव्हे.

झाड एकच. मादी झाडाचे वाळवलेले फुलोरे म्हणजे गांजा, आणि त्यालाच मुलं वीड, स्टफ, माल, ग्रास म्हणतात. पानं वाटून केली की भांग. फुलोऱ्यावरची चिकट राळ मळून काढली की चरस, म्हणजेच हॅश. नशा आणणारं मुख्य द्रव्य तिन्हीत तेच, टीएचसी. पानात ते कमी असतं, फुलोऱ्यात जास्त आणि चरसमध्ये त्याहून जास्त.

अलीकडे ‘हायड्रो’ हा शब्द ऐकू येतो. बंद खोलीत, दिव्यांखाली, मातीशिवाय वाढवलेला हा गांजा. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात तो मुंबई विमानतळावर वरचेवर पकडला जातो. त्यात टीएचसी कितीतरी जास्त असतं. ‘आम्हीही कॉलेजात असताना ओढला होता, काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्या वडिलांनी हे लक्षात घ्यावं, कारण त्यांनी ओढलेला माल आणि हा माल एक नाही.

२. साधू ओढतात, मोठी माणसं ओढतात. मग मुलांनाच एवढं काय होतं?

मेंदू स्वतःही गांजासारखी काही द्रव्यं अगदी थोड्या प्रमाणात तयार करतो. कुठली जोडणी ठेवायची, कुठली छाटायची, हे किशोरवयात ज्या यंत्रणेतून ठरतं, तिच्यात या द्रव्यांचा वाटा असतो. बाहेरून आलेलं टीएचसी नेमकं त्याच जागी जाऊन बसतं आणि तो हिशेब बिघडवतं. विचार करून थांबणं, पुढचं पाहणं, राग आवरणं ही कामं करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग काढण्याआधी त्यावर कुणी विटांचा ढीग रचत नाही. इथेही तसंच आहे.

व्यसन लागण्याचं प्रमाणही वयाबरोबर बदलतं. गांजा करून पाहणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्यात अडकतात, पण सुरुवात किशोरवयात झाली असेल तर हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे सहातला एक. म्हणून ‘अठरा झाल्यावर बघू’ हे पुढे ढकलणंसुद्धा कामाचं असतं. मुलाने सुरुवात जितकी लांबवली, तितका त्याचा फायदा.

साधूंबद्दल एवढंच: जे ठणठणीत राहिले ते आपल्याला दिसतात. ज्यांचं डोकं बिघडलं त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. आणि त्यातले बहुतेक चौदाव्या वर्षी दहावीच्या क्लासला जात नव्हते.

३. ओढणं आणि खाणं-पिणं यात फरक काय?

वेळेचा, आणि तिथेच घात होतो. ओढल्यावर काही मिनिटांत चढते, अर्ध्या तासात शिखर गाठते आणि दोन-तीन तासांत उतरू लागते. पोटातून गेलेली भांग चढायला अर्धा तास ते दोन तास घेते आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकते. शिवाय यकृतात टीएचसीचं रूपांतर आणखी जोरकस द्रव्यात होतं. थंडाईचा पहिला ग्लास पिऊन पाऊण तास झाला तरी काही वाटत नाही, म्हणून पोरं दुसरा पितात, वर भांगेची गोळी खातात आणि मग सगळं एकदम चढतं. धुळवडीच्या दुपारी दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच मुलांची गोष्ट हीच असते.

४. होळीला आमच्या चार वर्षांच्या मुलीने मोठ्यांच्या ग्लासातली थंडाई प्यायली. थोडीशीच होती. काय करायचं?

‘थोडीशी’ हे मोठ्यांचं माप आहे. बारा-चौदा किलोच्या मुलासाठी अर्धा ग्लासही खूप होतो. आता ती खेळत असेल तरी दवाखान्यात निघा, कारण परिणाम दोन तासांनीही सुरू होऊ शकतो.

उलटी काढू नका. मिठाचं पाणी, ताक, लिंबू, तूप यातलं काही पाजू नका. मूल पेंगत असताना पाजलेलं किंवा ओकलेलं श्वासनलिकेत गेलं, तर भांगेपेक्षा तेच जीवावर बेतू शकतं. मुलीला डाव्या कुशीवर ठेवा. उरलेली थंडाई, गोळीचं वेष्टन किंवा बर्फीचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या, आणि किती वाजता, साधारण किती पोटात गेलं हे कागदावर लिहा. घाईत वेळ हमखास विसरली जाते.

आधी मूल अकारण हसतं किंवा किरकिरतं, चालताना झोकांड्या खातं, मग अंग सैल पडून झोपी जातं. ही झोप साधी नसते. गालावर थोपटून, तळपाय चोळूनही ते डोळे उघडत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटके येत असतील, तर १०८.

यावर उतारा म्हणून कुठलं औषध नाही. डॉक्टर श्वास, नाडी आणि रक्तातली साखर पाहतात, सलाइन लावतात आणि मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ठेवून घेतात. बहुतेक मुलं एक-दीड दिवसात ठीक होतात.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाजेपोटी लपवणं. घरच्यांनी भांगेचं नाव घेतलं नाही, तर डॉक्टरांना मेंदूज्वर, डोक्याला मार, दुसरं विष असं सगळं शोधत बसावं लागतं. मुलाला स्कॅन आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीतून जावं लागतं. सरळ सांगा. आणखी एक गोष्ट: डोळ्यांतल्या बाहुल्या खूप मोठ्या झाल्या असतील, अंग तापलं असेल, तोंड कोरडं ठणठणीत असेल आणि मूल हवेत काहीतरी पकडू पाहत असेल, तर भांगेत धोतरा मिसळला असण्याची शक्यता असते. हेही डॉक्टरांना सांगा, कारण धोतऱ्याचा उपचार वेगळा आहे.

५. मुलगा ओढतो हे कसं ओळखायचं?

एका खुणेवर जाऊ नका. लाल डोळे मोबाइलनेही होतात. चार-सहा आठवड्यांत काय बदललं ते पाहा: जुने मित्र सुटून नवे आले, ज्यांची ओळख घरात करून दिली जात नाही, रात्री उशिरा अचानक सडकून भूक, तीही गोडाची, खेळ किंवा तबल्याचा क्लास सुटला, बोलताना मधेच धागा हरवतो.

वस्तू जास्त बोलक्या असतात. रोलिंग पेपरचं पातळ पाकीट, पुठ्ठ्याची बोटाच्या पेराएवढी गुंडाळी, धातूचा छोटा गोल क्रशर, डोळ्यांत घालायचे थेंब. आपल्याकडे सिगारेट रिकामी करून तंबाखूत गांजा मिसळायची पद्धत जास्त, म्हणून खिसा उलटा केलात तर शिवणीत तंबाखूची पूड अडकलेली सापडते. कधी त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी, करड्या रंगाची, नक्षीदार बी असते. ती गांजाची. या मिसळण्यामुळे बरीच मुलं नकळत निकोटिनच्याही आहारी जातात आणि सोडताना दोन्ही एकदम सोडावं लागतं.

पैशांकडेही लक्ष असू द्या. यूपीआयवर दर आठवड्याला त्याच अनोळखी नंबरला तेवढीच रक्कम जात असेल, तर विचारायला हरकत नाही.

६. दप्तरात पुडी सापडली. आता काय करू?

आज काही करू नका. मुलगा नशेत असताना किंवा तुम्ही थरथरत असताना झालेलं बोलणं वाया जातं. आधी आई-बाबांनी आपसात बोलून घ्या, कारण एकाने झोडपायचं आणि दुसऱ्याने पदराखाली घ्यायचं, हे मुलाला लगेच उमगतं. पुडी फेकून द्यायची, शौचालयात ओतायची. पुरावा म्हणून कपाटात जपून ठेवू नका (का ते प्रश्न १६ मध्ये).

दुसऱ्या दिवशी, धाकट्या भावंडांना बाहेर पाठवून, दोघांनी मिळून बोला. सुरुवात अशी करता येते: “तुझ्या दप्तरात गांजा सापडला. मला खूप भीती वाटली. मारायला, ओरडायला बसलो नाही आम्ही. कधीपासून आणि किती, एवढं आम्हाला समजून घ्यायचंय.” मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड असतं. पहिलं उत्तर बहुधा ‘माझं नाही, मित्राचं आहे’ हेच येतं. त्यावर भांडू नका. “ठीक. मग तू स्वतः कधी घेतलंयस का?”

चार गोष्टी कळायला हव्यात: पहिल्यांदा कधी, आठवड्यातून किती वेळा, एकट्याने की मित्रांत, आणि त्याने नेमकं काय बरं वाटतं. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘मजा येते’ आणि ‘डोक्यातला आवाज थांबतो’ ही दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत. दुसरं उत्तर देणाऱ्या मुलाला आधी मानसोपचाराची गरज आहे, गांजाचा विषय त्यानंतर येतो.

मारहाण, शाळा बंद करणं, गावी काकांकडे पाठवून देणं याने फक्त लपवण्याचं कसब वाढतं. नियम मात्र हवेत, आणि मोजकेच: घरात काही आणायचं नाही, नशेत गाडी चालवायची नाही (अडकलास तर रात्री कितीही वाजता फोन कर, त्या वेळी प्रश्न विचारणार नाही), आणि पैशांचा हिशेब आठवड्याला द्यायचा.

७. औषधाच्या दुकानातून किट आणून लघवी तपासू का?

तपासता येते, पण आधी दोन घोटाळे समजून घ्या. या किटच्या रेघा गरोदरपणाच्या किटच्या उलट वाचायच्या असतात. दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह, दुसरी रेघ पुसट असली तरी निगेटिव्हच. दुसरी रेघ उमटलीच नाही, तर पॉझिटिव्ह. हे उलट वाचल्यामुळे निर्दोष मुलांनी मार खाल्ला आहे.

दुसरा घोटाळा दिवसांचा. टीएचसी चरबीत साठतं. एखाद्याच वेळी ओढलं तर साधारण तीन दिवस, आठवड्यातून काही वेळा ओढणाऱ्यात पाच-सात दिवस, रोज ओढणाऱ्यात दहा-पंधरा दिवस आणि खूप काळ भरपूर ओढणाऱ्यात महिन्याहूनही जास्त काळ सापडतं. म्हणजे खरोखर सोडलेल्या मुलाची तपासणी तिसऱ्या आठवड्यातही पॉझिटिव्ह येऊ शकते. ‘खोटं बोलतोस’ म्हणून तुम्ही भांडलात, तर त्याची सोडण्याची उमेदच जाते. शेजारी बसलेल्याच्या धुरामुळे ५० नॅनोग्रॅमची मर्यादा धरणाऱ्या नेहमीच्या किटवर पॉझिटिव्ह येणं मात्र फार विरळ.

चोरून तपासू नका. मुलाच्या संमतीने, डॉक्टरांच्या उपचाराचा भाग म्हणून केलेली तपासणी उपयोगी पडते, पोलिसी छापा म्हणून केलेली नाही. आयुर्वेदिक औषधाचा अपवाद प्रश्न २० मध्ये आहे.

८. फक्त शनिवारी मित्रांबरोबर घेतो. याला व्यसन म्हणायचं का?

वार पाहून ठरत नाही. ठरवलं त्यापेक्षा जास्त घेतलं जातं का, कमी करायचा प्रयत्न फसला का, मिळवण्यात आणि उतरण्यात किती वेळ जातो, तलफ येते का, अभ्यास-घर-मैत्री बिघडत असूनही चालू आहे का, पूर्वीइतकी चढत नाही म्हणून प्रमाण वाढलं का, बंद केल्यावर त्रास होतो का, असे एकूण अकरा निकष आहेत. गेल्या बारा महिन्यांत त्यातले दोन जुळले तर सौम्य विकार, सहा किंवा अधिक जुळले तर तीव्र. शनिवार सरकत शुक्रवार आणि मग गुरुवार झाला, किंवा मुलगा एकट्याने ओढू लागला, तर थांबून पाहू नका.

९. ओढल्यावर अभ्यासात लक्ष लागतं असं म्हणतो. खरं आहे का?

त्याला तसं खरंच वाटतं. वेळेचं भान बदलतं, एकाच ओळीवर तासभर मन रमतं. पण नवी माहिती साठवणाऱ्या मेंदूच्या भागावर टीएचसी थेट काम करतं, त्यामुळे रात्री ‘भारी समजलेलं’ प्रकरण सकाळी आठवत नाही. पडताळा सोपा आहे: नशेत वाचलेल्या पाठावर दुसऱ्या दिवशी दहा प्रश्न सोडवायला सांगा. वादापेक्षा हे त्याला जास्त पटेल.

बुद्ध्यांक घटतो का, यावर संशोधकांत मतभेद आहेत आणि ते मुलांना प्रामाणिकपणे सांगावेत. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातल्या १०३७ जणांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. किशोरवयात सुरू करून पुढे वर्षानुवर्षं अडकलेल्यांचा बुद्ध्यांक ३८ व्या वर्षापर्यंत सरासरी ८ गुणांनी घसरल्याचं २०१२ साली मांडलं गेलं. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासात ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या जुळ्यात तसा फरक दिसला नाही, म्हणजे घरची परिस्थिती आणि इतर कारणंही त्यात असणार. वाद नाही तो स्मरणशक्ती, लक्ष आणि मधेच शिक्षण सुटणं याबाबत.

१०. झोपेसाठी घेतो. एवढं तरी चालेल ना?

नाही. सुरुवातीला झोप लवकर लागते, पण स्वप्नांची झोप कमी होते आणि काही आठवड्यांत गांजाशिवाय झोपच येईनाशी होते. मग तो औषध म्हणून घेतोय असं वाटतं, प्रत्यक्षात स्वतःच तयार केलेली निद्रानाशाची तक्रार भागवत असतो. बंद केल्यावर झोपेचं काय होतं ते प्रश्न १२ मध्ये.

११. गांजाने वेड लागतं का?

सगळ्यांना नाही, पण काहींना लागतं, आणि ते कोण हे आधी पूर्ण सांगता येत नाही. स्वीडनमध्ये सैन्यात भरती झालेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. भरतीच्या वयापर्यंत ५० हून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनिया या भास-संशयाच्या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण सहापट निघालं (१९८७). इतर कारणं वजा केल्यावर तो आकडा पुढे तिपटीच्या आसपास आला, पण धोका पुसला गेला नाही. रोजचा वापर, जोरकस माल, लहान वयात सुरुवात आणि घराण्यात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार, या चार गोष्टींनी धोका वाढतो. तुमच्या घरात मामा, आत्या, आजोबा कुणालाही असा आजार असेल, तर मुलांना बारा-तेराव्या वर्षीच स्पष्ट सांगा: “आपल्या घरात हा आजार आहे. दुसऱ्याला जे एकदा चालून जातं ते तुला चालणार नाही.” लग्नं जमणार नाहीत म्हणून हे झाकून ठेवलं जातं, आणि त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

लोक माझ्याविरुद्ध कट करतायत, टीव्हीतून मला संदेश येतायत, कानात आवाज येतात, एकटाच हसतो, दोन-दोन रात्री झोपत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. नशा उतरून एक दिवस उलटला तरी हे टिकून असेल, तर ती नुसती नशा नाही. बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे, उतारा-अंगाऱ्यात घालवलेले महिने परत मिळत नाहीत, कारण या आजारात उपचार जितका उशिरा सुरू होतो तितकी सुधारणा अवघड होते.

१२. एकदम बंद केलं तर त्रास होतो का?

रोज घेणाऱ्याला होतो. जीवघेणा नसतो, पण खरा असतो. पहिल्या एक ते तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी, घाम, भूक मरणं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात कळस होतो. दोन आठवड्यांत बराचसा ओसरतो. झोपेचा त्रास मात्र महिनाभर चालू शकतो, आणि दबलेली स्वप्नं उसळून येतात, भडक आणि भीतिदायक. मुलाला हे आधीच सांगा, नाहीतर चौथ्या रात्री घाबरून तो परत ओढतो.

या दिवसांत त्याच्या तोंडून निघालेला शब्द मनाला लावून घेऊ नका. मऊ भात, ताक, पेज, केळं, थोडं थोडं आणि वरचेवर. संध्याकाळी दमवणारा व्यायाम, दुपारनंतर चहा-कॉफी बंद. आजीच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका, एक सोडून दुसरं लागतं. सोडायची तारीख परीक्षेच्या तोंडावर ठेवू नका. मरणाची भाषा आली तर तिला नाटक समजू नका: १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, दिवसरात्र चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.

१३. मुलाला सारख्या उलट्या होतात, अॅसिडिटीच्या औषधाने थांबत नाहीत. दिवसातून पाच वेळा कढत पाण्याने आंघोळ करतो. गांजाशी संबंध असेल का?

असू शकतो, आणि आंघोळीची ही खूण फार मोलाची आहे. वर्षानुवर्षं वारंवार गांजा घेणाऱ्या काहींना उलट्यांचे झटके येतात आणि गरम पाण्याखाली उभं राहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये याचं नीट वर्णन केलं. एंडोस्कोपीत काही सापडत नाही. गांजा मळमळ थांबवतो असं ऐकलेलं असतं, म्हणून मुलगा आणखी ओढतो आणि त्रास वाढतो. पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण येतो, तेव्हा लघवी कमी झाली तर रुग्णालय गाठा. कायमचा उपाय एकच, पूर्ण बंद करणं.

१४. उपचार कुठे मिळतात? काही औषध आहे का?

गांजाचं व्यसन सोडवणारी म्हणून मान्यता मिळालेली गोळी अजून नाही. उपयोग होतो तो समुपदेशनाचा: मुलाची स्वतःची इच्छा जागी करणं, तलफेच्या वेळा आणि जागा ओळखून पर्याय ठरवणं, आणि घरच्यांना सोबत घेऊन बसणं. किशोरवयीनांत कुटुंबासह केलेले उपचार विशेष कामी येतात. आठवड्याला एक बैठक धरून दोन-तीन महिने द्या. सोबत नैराश्य, चिंता किंवा लक्ष न लागण्याचा विकार असेल तर त्यावर औषधं असतात.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात, उदाहरणार्थ पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, जे. जे., आणि जिल्हा रुग्णालयांत परवडणाऱ्या खर्चात सोय होते. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. एकटेपणा वाटत असेल तर हेही माहीत असू द्या: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ७२ लाख लोकांना गांजा-भांगेच्या त्रासासाठी मदतीची गरज होती.

‘न सांगता चहात मिसळा’ अशा जाहिरातीतली पावडर घेऊ नका. तिच्यात काय आहे कळत नाही, आणि कळल्यावर मूल घरचं अन्नसुद्धा संशयाने खातं.

१५. तयार होत नाही. गाडीत घालून केंद्रात टाकता येईल का?

अठराच्या आतल्या मुलासाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये स्पष्ट अटी आहेत. पालकाचा अर्ज लागतो. दोन तज्ज्ञांनी, ज्यात मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे, स्वतंत्रपणे तपासून भरतीची गरज असल्याचं ठरवावं लागतं. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पूर्ण काळ पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सोबत राहते. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत स्त्रीच हवी. साखळीने बांधण्याला कायद्याने पूर्ण बंदी आहे.

म्हणून जे केंद्र ‘सहा महिने भेटायचं नाही, आम्ही सुधारतो’ म्हणतं, तिथून परत फिरा. जाण्याआधी नोंदणी, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि मुलं कुठे झोपतात, हे प्रत्यक्ष पाहून घ्या. बहुतेक मुलांना भरती लागतच नाही.

१६. दवाखान्यात नेलं तर पोलिस केस होईल का? मुलाला तुरुंग होईल?

स्वतःहून उपचाराला आलेल्या मुलाला डॉक्टर पोलिसांच्या हवाली करत नाहीत. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायदा, १९८५ मध्ये गांजा-चरस बाळगणं आणि सेवन दोन्ही गुन्हे आहेत. एक किलोपर्यंत गांजा किंवा शंभर ग्रॅमपर्यंत चरस हे ‘अल्प प्रमाण’ धरलं जातं, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या सेवनाला सहा महिने किंवा दहा हजार, किंवा दोन्ही. म्हणून पुडी घरात जपू नये. त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात सोय आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करणार असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

अठराच्या आतलं मूल कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. पोलिसांनी थांबवलं तर पैसे देऊन मिटवण्याच्या मागे लागू नका. वयाचा पुरावा घेऊन जा आणि बालकल्याण पोलिस अधिकाऱ्याची मागणी करा. मुलाला गांजा देणाऱ्याला, किंवा पुड्या पोहोचवायला त्याला वापरणाऱ्याला, बाल न्याय कायदा, २०१५ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलगा कुणासाठी पुड्या नेत असेल, तर तो आधी पीडित आहे. तेव्हा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर सांगा.

भांगेचं वेगळं आहे. नुसती पानं एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो.

१७. मुलं ओढत नाहीत, नवरा ओढतो. तोही गच्चीत. मुलांवर परिणाम होईल का?

धूर गच्चीत राहिला तरी कपडे, पैसा आणि स्वभाव घरातच येतात. सातव्या वर्षी मुलाला वास कळतो, दहाव्या वर्षी अर्थ कळतो. ‘बाबांना बरं नाही’ हे खोटं फार काळ टिकत नाही. त्यापेक्षा “बाबांना एका गोष्टीची सवय लागलीय, ती चांगली नाही, त्यात तुझी काही चूक नाही” एवढं वयाप्रमाणे सांगा. माल कुलपात, मुलांच्या हाताबाहेर. बंद खोलीत किंवा गाडीत मुलांसोबत ओढणं बिलकूल नाही, दमा असलेल्या मुलासाठी तर हा धूर थेट धोका आहे. नशेत त्याने मुलांना दुचाकीवर नेऊ नये. यावर तडजोड करू नका, किल्ली लपवावी लागली तरी लपवा. तो उपचाराला तयार नसला तरी तुम्ही एकट्या समुपदेशकाकडे जाऊ शकता, आणि बदल बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

१८. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना?

पूर्ण बंद. टीएचसी वारेतून बाळापर्यंत जातं. कमी वजनाचं आणि दिवस भरण्याआधी जन्मणारं बाळ यांचा धोका वाढतो. मळमळीवर उपाय म्हणूनही नको. शेवटच्या वापरानंतर सहा दिवसांपर्यंत ते दुधात सापडलं आहे, त्यामुळे ‘ओढून दोन तासांनी पाजते’ हा दारूसारखा हिशेब इथे लागू होत नाही. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्या रागावल्या तरी बाळाला फायदाच होईल. (मिश्रीही याच वेळी सोडायची. ती तंबाखूच आहे.)

१९. आम्ही पैसे बंद केले, पण आजी गुपचूप देते. धाकटीलाही सगळं कळायला लागलंय.

आजी देते कारण नातू रडवेला होऊन येतो आणि तिला कुणी खरं सांगितलेलं नसतं. तिला शेजारी बसवून शब्द न फिरवता सांगा की त्या पन्नास-शंभराचा गांजा येतो. मग तिला दुसरं काम द्या: तो रात्री घरी आला की गरम जेवण वाढून त्याच्याजवळ बसणं. माया करायची वाट बंद केली की ती चोरवाटेने जाते.

धाकटीचं खरं दुखणं हे की सगळं घर दादाभोवती फिरतं. तिचं प्रगतिपुस्तक कुणी नीट पाहिलेलं नसतं. आठवड्यातला एक ठरलेला वेळ फक्त तिचा ठेवा, आणि दादावर नजर ठेवायचं काम तिला देऊ नका. मोठ्या भावंडाकडून लहान्याकडे गांजा जाणं फार सोपं असतं, म्हणून तिच्याशी वेगळं, तिच्या वयाचं बोला.

२०. आयुर्वेदिक चूर्णात भांग असते, अपस्माराला गांजाचं औषध देतात, भांगेच्या बिया तर दुकानात मिळतात. मग वाईट काय?

तिन्ही वेगवेगळी आहेत. जातिफलादि चूर्णासारख्या काही औषधांत भांग खरंच असते. अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते, आणि ती मुलांना मनाने द्यायची नसतात. ते घेणाऱ्याची लघवीची तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे किटवर निर्णय घेण्याआधी हे विचारा. अपस्माराच्या दोन-तीन दुर्मीळ, हट्टी प्रकारांत शुद्ध सीबीडीचं (याच झाडातलं दुसरं एक द्रव्य) औषध वापरतात. त्याला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्याने नशा येत नाही, आणि ऑनलाइन मिळणारं ‘सीबीडी तेल’ म्हणजे ते औषध नव्हे. भांगेच्या बियांत टीएचसी नगण्य असतं, २०२१ पासून त्या खाद्य म्हणून विकायला भारतात परवानगी आहे.

२१. मुलगी कॅनडात शिकते. तिथे कायदेशीर आहे म्हणते.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, पण प्रांतानुसार १८, १९, आणि क्युबेकमध्ये २१ वर्षांवरच. कायदेशीर म्हणजे निरुपद्रवी नव्हे, प्रश्न २ आणि ११ तिथेही लागू. अमेरिकेत मात्र राज्याने परवानगी दिली तरी संघीय कायद्यात ते बेकायदा आहे, आणि विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने नुसती कबुली दिली तरी अडचण होऊ शकते. येताना सामानात गांजाच्या गमीची (जेलीसारख्या गोळ्यांची) पिशवी चुकून राहिली, तर भारतात उतरल्यावर एनडीपीएस लागतो.

नातवंडं सांभाळायला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी: तिथल्या गांजाच्या गमी आणि चॉकलेटं हुबेहूब खाऊसारखी दिसतात. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून ती खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३०५४ झाल्या. खाऊच्या डब्यातलं अनोळखी पाकीट उघडण्याआधी मुलाला किंवा सुनेला विचारा. अमेरिकेत असाल तर तिथल्या विषबाधा केंद्राचा नंबर १-८००-२२२-१२२२ फ्रिजवर लावून ठेवा.

२२. चार महिने बंद होतं, परवा पुन्हा ओढून आला. सगळं वाया गेलं का?

नाही. पुन्हा घेणं या आजारात नेहमीचं आहे, आणि चार महिन्यांत मेंदूला मिळालेली विश्रांती एका संध्याकाळीने जात नाही. पण ‘आता झालंच आहे तर’ म्हणून दुसरा आणि तिसरा दिवस जाऊ देऊ नका. त्याच आठवड्यात समुपदेशकाला भेटा. त्याच्यासोबत त्या दिवसाची घड्याळासकट उजळणी करा: सकाळपासून काय झालं, कुणाचा फोन आला, कुठल्या कट्ट्यावर गेला, जेवला होता का, झोप झाली होती का, खिशात पैसे कुठून आले. बहुधा ओढायच्या आधी तीन-चार तास एखादी जागा सापडते जिथे वाट बदलता आली असती. ती जागा कागदावर लिहा, आणि पुढच्या वेळी तिथे पोहोचल्यावर तो कुणाला फोन करेल, ते नाव आणि नंबर शेजारी लिहून घ्या.